प्रोबेशन ऑफिसरची सर्व्हिस (सांगली) – पाचपैकी चार स्टार

हॉटेलाचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी सरकारी सर्व्हिसचा टाकतोय, कारण असली सर्व्हिस असते हेच आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत नसतं. भाच्याला मोटरसायकल चोरीच्या केसमध्ये कोर्टानं दोषी धरलं पण जेलात न घालता प्रोबेशनवर, म्हणजे चांगलं वागायच्या लेखी हमीवर (बाँडवर) प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली, सोडलं. जामीनदार मी, त्यामुळं सगळं जवळनं बघितलंय.

प्रोबेशनचा कायदा 1958 चा आहे. फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, बाँड जास्तीत जास्त 3 वर्षांचा. आणि पोरगं 21 च्या आतलं असेल तर कोर्टाला आधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवावा लागतो, जेल द्यायचीच असली तर का ते लिहावं लागतं. हे ऑफिसर पोलिसांचे नाहीत बरं का, महिला व बालविकास खात्याचे.

तर रिपोर्टसाठी मॅडम घरी आल्या. चहा नको म्हणाल्या आणि बहिणीला विचारायला सुरुवात, पोरगं उठतं किती वाजता, पैसे मिळाले की कुणाच्या हातात देतं, ते दोघं मित्र अजून दारात येतात का. शाळेचा दाखला मागितला आणि नववीत शाळा का सुटली ते खोदून खोदून काढलं, जे इतके दिवसात आमच्या वकिलानं एकदाही विचारलं नव्हतं. शेजारी पण चौकशी केली, पण केसचा क नाही काढला. याला मी अख्खे दोन स्टार देतो.

पुढं दर महिन्याला हजेरी. भाचा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पोती उचलायला लागला होता. मॅडम विचारणार, कामाला जातोस? हा म्हणणार हो. मग "हात दाखव". सीझनला नखातली हळद घासून पण निघत नाही हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. एका हजेरीला नखं चकाचक निघाली, तिथल्या तिथं मालकाला फोन, दांड्या बाहेर! ओरडल्या नाहीत, कुणाबरोबर होतास एवढंच विचारलं. हा म्हणाला घरी झोपलेलो. "बरं, उद्या आईला घेऊन ये." आईचं नाव काढल्यावर पोरगं जे सुतासारखं सरळ झालं, आमच्या शिव्यांनी कधी झालं नव्हतं. गाडीमालकाला कोर्टानं भरपाई द्यायला सांगितली होती, तिच्या पावत्या पण मॅडम दर वेळी बघायच्या.

एक स्टार कापला तो कामाच्या भानगडीत. काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हे यांच्या कामात कायद्यानंच घातलंय, मॅडमनी एका कंपनीत शब्दही टाकला, तिथल्या साहेबानं केस म्हटल्यावर फाईल मिटली. दोषी ठरल्यामुळं कायद्यानं जी अपात्रता येते ती प्रोबेशनवाल्याला लागत नाही, पण खाजगी कंपनीला हे कोण ऐकवणार, आणि ऑफिसरच्या हातात विनंतीपलीकडं काही नाही. अडतीवरचं काम शेवटी ओळखीनंच मिळालं.

आमच्या भावकीत एक जण अजून म्हणतो, चोराला मोकळा सोडला म्हणून. त्याला मी आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर दाखवतो, औंध संस्थानानं 1939 साली तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली, कैदी बायकापोरांसकट राहून शेती करायचे. आपल्याच जिल्ह्यात, आणि हा गडी मोटरसायकलला रडतोय.

कुणाच्या घरात अशी वेळ आलीच तर वकिलाला शिक्षा सुनावायच्या आधी प्रोबेशनचा अर्ज द्यायला सांगा, नंतर बोंबलत बसायला नको. दाखला, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स काढून ठेवा. राहायचा पत्ता बदलणार असला तर आधी विचारा, कारण बाँडची अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा लागू शकते, पहिल्या वेळी 50 रुपयांपर्यंत दंडावर भागवायची सोय कायद्यात आहे खरी पण त्या भरवशावर राहू नका.