पेंट पुरे की फोटोशॉपच हवं? काही महिन्यांच्या वापरानंतर

फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडताना लोक टूल मोजत बसतात. याच्यात ब्रश किती, त्याच्यात फिल्टर किती, पार्श्वभूमी एका क्लिकवर उडते का. गेले कित्येक महिने एकाच कॉम्प्युटरवर पेंट, इरफानव्ह्यू, पेंट डॉट नेट, फुकट मिळणारं गिंप आणि पैसे मोजून घ्यायचं फोटोशॉप आलटून पालटून वापरल्यावर मी एवढंच विचारायला लागले आहे: आज केलेला बदल परवा पुन्हा बदलावासा वाटला, तर बदलता येईल का? साधं कोणतं आणि ॲडव्हान्स्ड कोणतं, ते माझ्या मते इथे ठरतं.

आधी साध्यांबद्दल, कारण त्यांना उगाच हिणवलं जातं. पेंट 1985 सालच्या पहिल्या विंडोजपासून आहे आणि अजूनही स्क्रीनशॉटवर लाल चौकोन काढायला त्याच्याइतकं झटपट काही नाही. मोठं सॉफ्टवेअर लोड होऊन टूल दिसायला लागेपर्यंत पेंटमध्ये क्रॉप, बाण, सेव्ह असं सगळं उरकलेलं असतं. फक्त स्क्रीनशॉट जेपीजीत सेव्ह करू नका, पीएनजीत करा. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडून त्यातला बारीक तपशील कमी करतं. फोटोत ते खपून जातं, पण अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके उठतात आणि लाल बाणाची कड फिसकटते.

इरफानव्ह्यू हे खरं तर फोटो बघायचं सॉफ्टवेअर, 1996 पासूनचं, आणि घरगुती वापरासाठी फुकट. माझ्याकडे ते रोज उघडतं. माउसने चौकट ओढून कंट्रोल वाय दाबलं की क्रॉप, कंट्रोल आर दाबलं की रीसाईज. पण त्याची खरी कमाल बी या बटणावर आहे. फोल्डरभर फोटो एका दमात लहान करायचे, नावं बदलायची, फॉरमॅट बदलायचा, हे सगळं एकाच खिडकीतून होतं. हेच सगळं फोटोशॉपमध्ये करायला ॲक्शन (म्हणजे पायऱ्यांची नोंद) रेकॉर्ड करून ती सगळ्या फोटोंवर बॅचने लावावी लागते. जमतं, पण चार फोटोंसाठी कोण करणार?

पेंट डॉट नेट साध्या आणि ॲडव्हान्स्ड या दोन गटांच्या मध्ये बसतं. 2004 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेलं, फक्त विंडोजसाठी. लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) आहेत, कर्व्हज (उजेड-अंधार कमीजास्त करायची वाकवता येणारी रेघ) आहेत, त्याच कामाच्या लेव्हल्स आहेत. पोस्टर किंवा यूट्यूबचा थंबनेल करायला भरपूर झालं. पण मजकूर लिहून दुसरीकडे क्लिक केलं की त्याचे पिक्सेल होतात, मग ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं असेल तर पुसून नव्याने लिहा. कर्व्हज लावून ओके म्हटलं की तो बदल चित्रात मुरला. अनडू आहे, पण फाइल बंद केली की तोही गेला. विंडोज 11 च्या पेंटमध्येही 2023 पासून लेयर आले आहेत, त्यामुळे 'लेयर म्हणजे ॲडव्हान्स्ड' हे समीकरण आता चालत नाही.

मोठ्या सॉफ्टवेअरची गरज कुठे पडते, ते एका फोटोवरून सांगते. एका जुन्या कृष्णधवल फोटोचा स्कॅन. सहा बाय चार इंचाचा प्रिंट 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 3600 बाय 2400 पिक्सेल मिळतात, म्हणजे कामाला पुष्कळ. घडीची एक पांढरी रेघ थेट गालावरून गेलेली. पेंटमध्ये शेजारचा तुकडा कॉपी करून रेघेवर ठेवता येतो, पण तो ठिगळासारखा दिसतो, कारण गालावरचा उजेड नाकाकडून कानाकडे हळूहळू बदलत जातो आणि आपला तुकडा एकाच उजेडाचा असतो. एका जागचं चित्र ब्रशने दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन टूलचीही तीच अडचण, जरा मऊ कडेची. हील टूल वेगळं चालतं: पोत घेतं नमुन्याच्या जागेचा आणि उजेड जुळवतं जिथे लावतोय तिथल्याशी. गिंपमध्ये कंट्रोल दाबून, फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून नमुन्याच्या जागेवर क्लिक करायचं आणि छोट्या ब्रशने रेघेवरून थोडं थोडं जायचं. सलग ओढलं की तोच पोत पुन्हा पुन्हा उमटतो आणि डोळ्याला लगेच कळतं, म्हणून दर दोन-तीन टिचक्यांनी नमुना बदलायचा. ओठाची कड, भुवई, चष्म्याची काडी अशा ठिकाणी मात्र हील शेजारचा काळा रंग ओढून आणतं. तिथे परत क्लोनच बरं.

हे सगळं मूळ लेयरवर नाही, त्याच्या कॉपीवर. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहिलं की कळतं, गाल जरा जास्तच गुळगुळीत झालाय. मग वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) थोडी उतरवली की खालची खरी त्वचा डोकावायला लागते. पेंट डॉट नेटमध्येही एवढं जमतं. जमत नाही ते पुढचं, म्हणजे मास्क.

खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो घ्या: खिडकी लख्ख, चेहरा अंधारात. ब्राइटनेस वाढवला तर चेहरा दिसतो आणि खिडकी पांढरीफटक होते. फोटोशॉपमध्ये कर्व्हजचा ॲडजस्टमेंट लेयर (फोटोला हात न लावता वरून बदल करणारा थर) टाकायचा, चेहरा उजळेपर्यंत रेघ वर ओढायची आणि मग लेयरच्या मास्कवर काळ्या ब्रशने खिडकी रंगवायची. मास्कवर पांढरं असेल तिथे बदल लागू, काळं असेल तिथे नाही, करडं असेल तिथे अर्धामुर्धा. केसांच्या कडेला अंदाज चुकला तर रंग बदलून उलट रंगवा. फोटोच्या एकाही पिक्सेलला धक्का लागलेला नसतो आणि महिन्याने फाइल उघडली तरी ती कर्व्ह जशीच्या तशी हलवता येते.

गिंप याच बाबतीत वर्षानुवर्षं मागे होतं. मार्च 2025 मध्ये 3.0 आवृत्ती आली आणि फिल्टर लेयरला चिकटून राहायला लागले, हवे तेव्हा उघडून बदलता येतील असे. जुनी 2.10 वापरून गिंपला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा नवी पाहावी. तरी ते अजून फोटोशॉपइतकं सुटसुटीत नाही. मी लेयरची कॉपी करते, तिच्यावर कर्व्हज लावते आणि मास्क त्या कॉपीला देते. एक पायरी जास्त, बाकी निकाल तोच.

दुसरा फरक स्क्रीनवर चटकन दिसत नाही. साध्या जेपीजीत, म्हणजे 8 बिटला, प्रत्येक रंगाच्या 256 छटा असतात. अंधारातला पाव भाग म्हणजे 64 छटा. त्या ताणून दुप्पट जागेत पसरवल्या की मध्ये फटी पडतात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसायला लागतात. कॅमेऱ्याच्या 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) 256 च्या जागी 16,384 छटा असतात, म्हणून ती बरीच ताणली तरी सहसा तुटत नाही. फोटोशॉपसोबत अशा फाइल उघडणारं कॅमेरा रॉ येतं. गिंप रॉ फाइल स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतं, आणि दोन्ही फुकट आहेत. फोनवरचे जेपीजीच एडिट करणार असाल तर हा परिच्छेद विसरून जा.

याची किंमत रॅमला मोजावी लागते. 24 मेगापिक्सेलचा फोटो 8 बिटला, पारदर्शकतेसकट, एका लेयरला साधारण 96 एमबी घेतो. गिंपमध्ये 32 बिट निवडलं की तोच लेयर 384 एमबी. चार-पाच लेयर आणि अनडूचा इतिहास धरा, 8 जीबीचं मशीन कुंथायला लागतं.

देवनागरी मजकूर हा आपल्या कामाचा मुद्दा. पेंटमध्ये जोडाक्षरं नीट येतात, कारण ते काम विंडोज करतं. गिंपमध्येही युनिकोड मराठी बिनबोभाट चालतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडून, फाइल नव्याने उघडून, परिच्छेदालाही तोच कंपोझर (अक्षरं जुळवायची पद्धत) लावला की ठीक होतं. हे ठाऊक नसलेले कितीतरी लोक अजून मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र चिकटवतात.

पैशांचं म्हणाल तर 2013 पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबलं. ज्यांचं काम रोज छपाईला जातं त्यांना ते परवडतं, कारण थेट सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) काम करायची सोय तिथे आहे. गिंप 3.0 सीएमवायके प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याचा अंदाज) दाखवतं, एक्सपोर्टही करतं, पण एडिटिंग आरजीबीतच (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा रंगांत) होतं. माझं छपाईचं काम क्वचितच निघतं, तेव्हा फोटोशॉपची वर्गणी मी पुढे चालू ठेवणार नाही. इरफानव्ह्यू आणि गिंप राहतील, स्क्रीनशॉटपुरतं पेंट आहेच.

गिंपला येणाऱ्यांनी दोन गोष्टींची तयारी ठेवावी. कंट्रोल एस फक्त एक्ससीएफ (गिंपची स्वतःची, लेयर जपणारी) फाइल करतं, जेपीजी हवं तर एक्सपोर्ट. चिडचिड होते, पण त्यामुळेच लेयरवाली फाइल हातात राहते. आणि बी दाबल्यावर ब्रश येत नाही, पाथ टूल (रेषांचे आकार काढायचं) येतं. ब्रश पी वर आहे. सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी ही बटणं बदलून टाका.