जुन्या मालिकांच्या शीर्षकगीतांची मैफल: गाणी उत्तम, निवेदन आवरायला हवे

जुन्या मराठी मालिकांची शीर्षकगीते आणि त्या मालिकांविषयीच्या गप्पा असा कार्यक्रम नुकताच दादर पश्चिमेच्या एका छोट्या सभागृहात पाहिला. ३०० रुपयांचे तिकीट पूर्ण वसूल झाले, मात्र त्याचे श्रेय गायक-वादकांना आणि प्रेक्षकांना आहे, निवेदकाला नाही.

आरंभ ‘गोट्या’च्या गीताने झाला. दूरदर्शनच्या काळातल्या या गीताचे शब्द मधुकर आरकडे यांचे आणि चाल अशोक पत्की यांची. त्यालाच जोडून ‘आभाळमाया’ घेतल्यामुळे, एकाच संगीतकाराने दूरदर्शनपासून खासगी वाहिनीपर्यंत केलेली वाटचाल कोणी समजावून न सांगताही ध्यानात आली. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) ही वाहिनी सुरू झाली, त्याच वर्षी आलेल्या या मालिकेचे गीत मंगेश कुडाळकर यांनी लिहिले आणि देवकी पंडित यांनी गायले. तो मूळ स्वर घराघरांत इतका मुरलेला आहे की ते गीत दुसऱ्या कोणी गाणे जोखमीचेच. येथील गायिकेने नक्कल कटाक्षाने टाळली, पट्टी थोडी खाली घेतली आणि शब्दोच्चारांवर भर दिला, हे शहाणपणाचे ठरले. सगळा भार सिंथेसायझरवर न टाकता व्हायोलिनवादकही बसवला होता. त्याने दोन कडव्यांमधला तुकडा वाजवताच मागच्या रांगांतून दाद आली. ‘वादळवाट’चे गीतही पत्की-कुडाळकर जोडीचेच, पण तेथे ताल किंचित पळाला.

गप्पांचा भाग मात्र खरा रंगला तो प्रेक्षकांनी ध्वनिक्षेपक हाती घेतल्यावर. ‘आभाळमाया’त सुकन्या कुलकर्णी यांनी साकारलेली सुधा जोशी योग्य वागली की नाही, यावर दोन काकूंमध्ये जुंपली, आणि मनोज जोशी यांच्या शरदला तर शेजारच्या बिऱ्हाडातला माणूस असावा तसे धारेवर धरण्यात आले. त्यानंतर प्रेक्षकांतल्याच एका निवृत्त संकलकाने, बीटाकॅमच्या टेपवर भाग जुळवून तो प्रसारणाच्या दिवशी टॅक्सीने वाहिनीकडे कसा पोहोचवावा लागे, हे अत्यंत साधेपणाने सांगितले. टॅक्सी माहीमला अडकली की मांडीवरची टेप किती जड वाटे, हे त्यांचे वाक्य सभागृहाला नेमके कळले. अशा माणसांची नावे श्रेयनामावलीतून झरझर सरकत असत, आणि आता तर मोबाइलवर मालिका पाहताना शीर्षकगीतच वगळण्याचे बटण समोर येते, त्यामुळे ही माणसे कोणाच्या दृष्टीस पडणार? आयोजकांनी पडद्यामागच्या अशा दोन-तीन जणांना रीतसर मंचावर बोलवायला हवे होते.

त्याऐवजी निवेदकाने कलाकारांच्या छायाचित्रांवर आणि स्वतःच्या कोट्यांवर बराच वेळ खर्च केला. ‘आभाळमाया’विषयी एवढे बोलताना दिग्दर्शक विनय आपटे यांचा उल्लेख एका वाक्यात आटोपला, हे खटकले. प्रतिमा कुलकर्णी यांच्या ‘प्रपंच’च्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे आली, सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी अशी कसलेली मंडळी एका घरात नांदवणाऱ्या त्या मालिकेवर एक स्वतंत्र सत्र सहज झाले असते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले दिलीप प्रभावळकरांचे आबा तर केवळ पडद्यावरच्या चित्रात दिसून गेले.

ध्वनिव्यवस्था मध्यंतरानंतर सुधारली, तरीही शेवटच्या रांगांत तबला गायिकेच्या आवाजावर चढतो, त्यामुळे तिकीट काढताना मधल्या रांगा मागून घ्याव्यात. मध्यंतरातला बटाटेवडा चांगला आहे, पण लवकर संपतो.