गिलाव्याच्या आत गंज तसाच होता

रंकाळ्याजवळचं आमचं घर वडिलांनी 1989 साली बांधलं. गेली काही वर्षं स्वयंपाकघराच्या स्लॅबचे खालून पोपडे सुटत होते, दोन ठिकाणी सळ्याही दिसायला लागल्या होत्या. ओळखीतून एक ठेकेदार आला. "काका, गंज काढून केमिकल मारतो, पॉलिमर मॉर्टर भरतो, वीस वर्षं बघायला नको." पॉलिमर मॉर्टर म्हणजे पॉलिमर मिसळलेला, जास्त चिकट सिमेंट-वाळूचा माल. 85,000 रुपये ठरले, निम्मे आगाऊ. कागदावर काहीच नाही.

केमिकलचे डबे आले, मी हातात घेऊन बघितले, भरवसा बसला. दोन दिवस फोडाफोडी चालली. तिसऱ्या दिवशी आम्ही चैत्र यात्रेला जोतिबाला गेलो. संध्याकाळी गुलालानं माखून परत येतोय तर स्लॅब एकदम गुळगुळीत! एवढ्या लवकर कसं झालं, हे मनात आलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. डबेही जागेवर नव्हते. उरलेले पैसे मी त्याच आठवड्यात दिले.

जुलैत पावसाची झड लागलेली असताना पहाटे धाडकन आवाज झाला. ओट्यावर परातीएवढा तुकडा पडला होता. दोन तासांनी पडला असता तर तिथं आई चहा करत उभी असती. तुकडा उलटा केला. पाठीवर सळीचा ठसा आणि त्या ठशात गंजाचे तांबूस पापुद्रे चिकटलेले. म्हणजे गंजावरच साधा सिमेंट-वाळूचा गिलावा मारला होता.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी आधी स्लॅबला टेकू द्यायला लावले. नंतर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. चांगलं काँक्रीट त्यानं गुलाबी होतं. आमचं सळीपर्यंत होतं तसंच राहिलं, गुलाबी रंग पार आत गेल्यावर दिसला. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत गेला की काँक्रीटचा अल्कधर्मीपणा जातो आणि सळीचं संरक्षण संपतं. पुढं ओल मिळाली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. त्यावर कितीही चांगला गिलावा करा, पडणारच.

खरं काम म्हणजे सळीच्या मागं बोट जाईल इतकं फोडायचं, सळी चहूबाजूंनी लोखंड चकाकेपर्यंत घासायची, फार झिजली असेल तिथं नवी जोडायची, मग गंजरोधक लेप, बाँड कोट (जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटावा म्हणून मारायचा थर) आणि थराथरानं पॉलिमर मॉर्टर. यातलं प्रत्येक काम पुढच्या कामाखाली झाकलं जातं, आणि फसवणारा नेमकं तिथंच साधतो. चकाकलेली सळी स्वतः बघितल्याशिवाय लेप मारू देऊ नका. डबे समोर उघडायला लावा, रिकामे झालेले मोजून ठेवून घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. आणि त्या दिवसांत गावाला जाऊ नका.

गेल्या आठवड्यात फुलेवाडीत एका जुन्या घराला त्याच ठेकेदाराची माणसं लागलेली दिसली. घरी येऊन तो तुकडा पिशवीत घातला आणि त्या घरमालकांना नेऊन दाखवला. त्यांनी काम थांबवलंय.