जुन्या फियाटला रुंद चाकं बसवायला गेलो आणि ४०,३०० रुपयांना बुडालो

४०,३०० रुपये म्हणजे आमच्याकडं जवळजवळ सहा क्विंटल कापूस. एवढे पैसे एका माणसाच्या हातात मोजून दिले आणि वरून बाबांच्या गाडीची चारही मूळ चाकं त्याच्याच दुकानात सोडून आलो. सांगायची लाज वाटते. पण ज्यांच्या वाड्यात अजून जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर उभी आहे, त्यांच्यासाठी सांगतोच.

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ ची. गाव दारव्हा तालुक्यातलं. या गाडीला ५.२०-१४ चे टायर लागतात. माप सांगितलं की दुकानदार नुसते तोंडाकडं पाहत राहतात. टायरच्या कडांना भेगा पडल्या होत्या आणि १६ फेब्रुवारीला पुतणीचं लग्न होतं. म्हणून रुंद चाकांच्या मागं लागलो. घरचे अजूनही म्हणतात की याला मिरवायचं होतं. तसं नव्हतं. भेगाळलेल्या टायरवर नवरी बसवायची नव्हती.

जिल्ह्याच्या गावचा एक चाकांचा विक्रेता मेव्हण्याच्या ओळखीतून भेटला. मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. फोनवर गाडीचं मॉडेल, साल सांगितलं, फोटो मागवले. चौदा इंची अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं, त्यावर १८५/६० मापाचे कोरे टायर, जसेच्या तसे बसतील म्हणाला. भाव ४२,५००, जुनी चाकं दिली तर ४,००० कमी. म्हणजे १२,००० फोनवरून आगाऊ, २६,५०० नगदी आणि बसवायचे १,८०० वेगळे. ८ फेब्रुवारी २०२५ ला गाडी घेऊन गेलो.

आता जिथं मला कळायला पाहिजे होतं ते सांगतो. पोऱ्यानं पुढचं डावं चाक चढवलं. दोन बोल्ट हातानं फिरले. तिसरा पान्यानं. चौथा धरेचना. त्यानं पान्याला पाइप लावला आणि त्यावर पाय देऊन उभा राहिला. आतून कर्र असा आवाज आला, लोखंड लोखंडाला खातं तसा. बोल्टचं डोकं तिरकं बसलेलं मी वाकून पाहिलं. विचारलंही. मालक म्हणाला, "जुन्या गाडीले असंच लागते भाऊ, पहिल्यांदा टाइट जाते, मंग बसते." आणि मी गप बसलो! पंचवीस वर्षं ही गाडी चालवतोय, बोल्ट हातानं निम्म्याच्या वर गेला पाहिजे हे मला माहीत आहे. टायरला हात लावला तर अंगठा काळा झाला होता, पॉलिशचा वास येत होता. तेही रुमालाला पुसून टाकलं. लग्न तोंडावर होतं, चार माणसं बाजूला उभी होती, मेव्हण्याची ओळख होती. त्या एका क्षणाला "काढ ते चाक" म्हणालो असतो तर हे काहीच लिहावं लागलं नसतं.

परत येताना पन्नासच्या पुढं स्टेअरिंग थरथरायला लागलं. मागं तीन जण बसले आणि वळण घेतलं की टायर मडगार्डला घासायचा, जळक्या रबराचा वास गाडीत यायचा. १३ तारखेला गावाच्या पांदणीवर दोन बोल्ट तुटले आणि पुढचं चाक निखळून तुरीच्या वावरात गेलं. वेग नव्हता म्हणून वाचलो. गाडीत माझी आई होती.

तालुक्याच्या जुन्या मिस्त्रीनं सगळं उघडून मोजलं. माझ्या गाडीच्या बोल्टांचं वर्तुळ ९८ मिलिमीटरचं, अलॉयच्या पाठीवर कोरलेलं १००. म्हणजे प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर, बोल्ट सरळ बसणारच कसा? टायर उलटवला तर आतल्या बाजूला चार आकडे, २२१४. म्हणजे टायर बनला २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यात. दोन टायरचे आकडे घासून काढलेले. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि यानं ती बाजू आत घातली होती. टायर घेताना दोन्ही बाजू बघा, रिमवर चढायच्या आधी बघा.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला, ग्राहकवाल्यांकडं जा." दुसऱ्यांदा गेलो तर "दुकान आमच्या हद्दीत नाही." अहो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते, नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, मी कागद नेऊन दाखवला. साहेब बंदोबस्तावर आहेत म्हणाले. तीन चकरा, प्रत्येक चकरेला मजुरीचा दिवस बुडाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नंबर मिळाला, पुढं समोरच्याचं उत्तर आलं नाही म्हणून बंद केली. परिवहन कार्यालयात तर मलाच विचारलं, मूळ चाकं बदललीच कशी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत नाही का, गाडीत परस्पर बदल करता येत नाही? माझी आई मरता मरता वाचली आणि आरोपी मी! ज्यानं जवळजवळ अकरा वर्षांचा टायर काळा करून विकला त्याला एक फोन करायची कुणाची तयारी नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, तिथं अर्ज टाकलाय. पण माझ्याकडं कच्ची चिठ्ठी आहे, "अलॉय सेट १" एवढंच. पक्कं बिल घ्या, त्यावर रिमचं माप आणि टायरचे आकडे लिहून घ्या. पैसे द्यायच्या आधी मागं चार माणसं बसवून स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघा.

आणि जुनी चाकं कुणाला देऊ नका, ४,००० काय, फुकटात नवीन मिळाली तरी. मी परत मागायला गेलो तेव्हा ती "भंगारात गेली" होती. मला आता वाटतं, त्याला पाहिजे होती तीच. मिस्त्रीनं फिरून फिरून तीन डिस्क, म्हणजे तशीच मूळ मापाची चाकं, जमवल्या, प्रत्येकी १,५००. चौथी अजून मिळत नाही. गाडी विटांवर उभी आहे.

माझ्या चार डिस्कांपैकी एकीच्या आत बाबांनी लाल रंगानं "४" लिहिलेलं आहे, चारची खालची रेघ थोडी ओघळलेली. कुठल्या दुकानात, कुणाच्या गाडीला दिसली तर कळवा. मी जाऊन विकत घेईन.