एरंडवण्यातलं डोकेदुखीचं क्लिनिक: आठ महिन्यांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आधी वेटिंग रूमबद्दल सांगते, कारण अर्धशिशी (मायग्रेन) असणाऱ्या माणसाला पहिलं तेच जाणवतं. टीव्ही नाही. ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यात एक पिवळा दिवा, खिडकीला जाड पडदा, गणपतीच्या फोटोपुढे फक्त जास्वंदीचं फूल, उदबत्ती नाही, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने सेंट मारलेला नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उजवी बाजू ठणकत होती, सिंहगड रोडहून म्हात्रे पुलावरून भर दुपारी स्कूटीवर आले होते, स्कार्फ गॉगल सगळं बांधून तरीही डोळ्यात ऊन घुसत होतं, आणि तिथे बसल्यावर पाच-दहा मिनिटांत मला डोळे नीट उघडता आले. आजूबाजूला बहुतेक बायकाच होत्या. अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट असते म्हणे, पण त्या दिवशी एकमेकींचे ओढलेले चेहरे बघून मला पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाहीये.

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रारीपण लिहिल्यात. त्यांची पद्धत कशी आहे ते सांगते, तुमच्या जवळच्या डॉक्टरकडेही ती मागून बघा.

माझं हे दुखणं ११ वर्षांचं आहे. आमच्याकडे त्याला कुणी अर्धशिशी म्हणत नाही, पित्त म्हणतात. "पित्ताचं डोकं आहे, उलटी काढ म्हणजे मोकळं होईल" हे आईनेही सांगितलं आणि लग्नानंतर सासूबाईंनीही, दोघींनी मायेनेच सांगितलं, सुंठ उगाळून कपाळाला लेपही लावून दिला. उलटी झाल्यावर कधीकधी खरंच बरं वाटायचं म्हणून मीही तेच धरून बसले होते. इथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं की मळमळ हा ॲटॅकचाच भाग आहे, सुरुवात मेंदूत होते आणि त्रास पोटापर्यंत पोचतो. औषध नाही घेतलं तर एक ॲटॅक ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतो. ७२ तास म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं की सोमवारी संध्याकाळपर्यंत. माझे असे कितीतरी शनिवार-रविवार अंधाऱ्या खोलीत गेलेत आणि दाराबाहेर माझी मुलगी दबक्या आवाजात बाबाला विचारतेय, आई उठली का.

याआधी मी दुसरीकडे दाखवत होते, नाव नको. तिथे पाच मिनिटांत एमआरआय लिहून दिला, तो नॉर्मल आला, "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून मोकळे. अर्धशिशीत एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो आणि निदान पेशंटची हकीकत नीट ऐकूनच होतं हे मला तेव्हा कुठे माहीत. घरी त्याचा अर्थ असा निघाला की हिला काही झालेलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं. मग त्यांनी फ्लुनारिझिन नावाची रात्रीची गोळी सुरू केली. डोकं थोडं कमी झालं पण दोन-तीन महिन्यांत माझं काहीतरी विचित्र व्हायला लागलं, सकाळी गॅससमोर उभी राहायचे चहाचं पातेलं हातात घेऊन आणि पाणी ओतायचं राहूनच जायचं, किती वेळ गेला कळायचं नाही. रडूपण यायचं नाही. मला बाळंतपणानंतर एकदा डिप्रेशन येऊन गेलेलं. ते तिथे कुणी विचारलं नाही, आणि डोक्याच्या डॉक्टरला ते सांगायचं असतं हे मला सुचलं नाही. फ्लुनारिझिनमुळे काही जणांचं डिप्रेशन उफाळून येऊ शकतं आणि ज्यांना आधी होऊन गेलंय त्यांना ती देत नाहीत. एक प्रश्न विचारायचा होता फक्त. मला याचा अजूनही राग येतो.

म्हणूनच इथे आत जायच्या आधी हातात जो कागद दिला त्याचं मला एवढं अप्रूप वाटलं. मराठीत होता. पहिल्या बाजूला डोक्याचं, म्हणजे मागच्या तीन महिन्यांत किती दिवस काम बुडलं, किती दिवस घरातलं काही करता आलं नाही, आणि मागच्या बाजूला मनाचं. नऊ प्रश्न डिप्रेशनचे, सात चिंतेचे. मागच्या दोन आठवड्यांत असं किती वेळा झालं, अजिबात नाही म्हणजे ०, जवळजवळ रोज म्हणजे ३. नऊ प्रश्नांचे जास्तीत जास्त २७ होतात आणि १० किंवा वर गेलं की डॉक्टर पुढची चौकशी करतात. माझे १५ आले. चिंतेचे २१ पैकी १३.

नववा प्रश्न असा आहे की आपण नसतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. तिथे माझं पेन थांबलं. शेजारी नवरा बसला होता, त्याच्या हातात माझी पर्स. मी कागद जरा तिरका धरला आणि "काही दिवस" वर खूण केली. आत गेल्यावर मॅडमनी कागद उलटून बघितला, नवऱ्याला म्हणाल्या तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसता का, आणि मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं जेवलीस का विचारतात तसं. काही ठरवलंय का, घरात काही साठवून ठेवलंय का, हेही थेट विचारलं. नव्हतं काही. पण ११ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि मी तिथे पहिल्यांदा रडले. त्यांनी १४४१६ हा नंबर लिहून दिला, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. तो कागद मी फ्रिजवर लावलाय, आता घरात सगळ्यांना माहितीये.

मला सगळ्यात मोठी भीती होती की आता या म्हणणार सगळं मनाचंच आहे. तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. अर्धशिशी हा मेंदूचा खराखुरा आजार आहे आणि डिप्रेशनही खराखुरा आजार आहे, आणि दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांच्यात डिप्रेशन इतरांच्या साधारण दुप्पट ते चौपट दिसतं, चिंतेचा आजार तर त्याहून जास्त जणांत दिसतो, आणि महिन्यातले दुखण्याचे दिवस वाढले की हेही वाढतं. उलटही होतं, आधी डिप्रेशन असलेल्यांना पुढे अर्धशिशी सुरू होऊ शकते. म्हणजे नुसतं दुखून दुखून कंटाळा येतो एवढंच नाही, दोन्हीकडे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची गडबड असावी असं मानतात, घराण्यातून येणारा काही भाग दोन्हीत सारखा असतो. माझ्या आजीचं डोकं दुखायचं आणि ती महिनोन्महिने कुणाशी बोलायची नाही. या दोन गोष्टी मी आयुष्यात कधी एका वाक्यात ठेवल्या नव्हत्या.

आता गोळ्यांचं. फोनवरच सांगितलं होतं की जेवढ्या रिकाम्या स्ट्रिप घरात सापडतील तेवढ्या घेऊन या. मी डीमार्टच्या पिशवीत घालून नेल्या, त्यांनी टेबलावर ओतल्या आणि मोजल्या, मी बघत होते. महिन्याला साधारण १८ दिवस गोळी. मेडिकलमधून मिळणारी कॉम्बिनेशनची (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली) पेनकिलर महिन्यात १० किंवा जास्त दिवस, किंवा साधी पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर ती गोळीच डोकं दुखवायला लागू शकते. मग त्यांनी विचारलं, यातल्या किती गोळ्या दुखायच्या आधी घेतल्या? खूप होत्या. ३१ जुलैच्या आधी रिटर्न भरायची गर्दी असते ऑफिसात (मी सदाशिव पेठेत एका टॅक्सवाल्यांकडे कामाला आहे), तेव्हा सकाळी डोकं ठीक असलं तरी घ्यायचे, लग्नाला जायच्या आधी घ्यायचे, विसर्जनाच्या दिवशी ढोल ऐकू यायच्या आत घ्यायचे. प्रत्येक पर्समध्ये एक स्ट्रिप, स्कूटीच्या डिकीत एक. दुखत नसतानाही दिवसभर डोक्याकडेच लक्ष, आज येणार का, आत्ता येतंय का. माझी चिंता गोळ्या खात होती आणि गोळ्यांनी डोकं वाढत होतं, आणि डोकं वाढलं की चिंता. टेबलावर तो ढीग बघितल्यावर हे मला न सांगता कळलं.

पेनकिलर बंद केल्यावरचे पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले, हे लपवत नाही. रोज दुखलं. रजा घ्यावी लागली. पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि दर तिसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टरचा फोन यायचा. डोकेदुखी रोखायला प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी देणार होत्या पण लहानपणी दमा होता का विचारलं, होता, म्हणून नाही दिली. रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम सुरू केली, ही जुनी डिप्रेशनची गोळी आहे पण एवढ्या कमी डोसमध्ये डोकेदुखी रोखायला वापरतात, डिप्रेशनला तेवढी पुरत नाही, हेही नीट सांगितलं. तोंड कोरडं पडायचं, सकाळी आठपर्यंत गुंगी. दोन महिन्यांनी त्यांच्याच ओळखीच्या सायकियाट्रिस्टनी ती हळूहळू बंद करून व्हेनलाफॅक्सिन या दुसऱ्या गोळीवर आणलं, त्याने डिप्रेशनला आणि अर्धशिशीला दोन्हीला मदत होऊ शकते, बीपी मात्र तपासत राहावं लागतं. हे माझ्यापुरतं आहे, वाचून कुणी मेडिकलमध्ये जाऊ नका प्लीज.

काउन्सेलर ताई आठवड्यातून दोनच दिवस येतात. ४५ मिनिटं. पहिल्या दोन वेळा मला वाटलं नुसत्या गप्पा आहेत, हजार रुपये गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी माझी डायरी उघडली, रोज लिहायला लावलेली, झोप, पाळी, उपास, दुखणं आणि शेजारी भीती किती वाटली त्याचा १० पैकी आकडा. भीतीचा आकडा ८-९ असलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस दुखलंच नव्हतं. मी तीन वेळा मोजलं. मग एकेक गोष्ट परत करायला लावली, आधी लक्ष्मी रोडला अर्धा तास, मग मेट्रोने वनाझपासून पुणे स्टेशनपर्यंत, मग मावसबहिणीच्या मुलीचं केळवण. संकष्टीचा उपास मी स्वतःहून सोडला, उपाशी राहिलं की हमखास दुखतं हे डायरीतच दिसत होतं, सासूबाईंनी डायरी बघितली आणि म्हणाल्या, नको करूस.

तक्रारी. पहिली अपॉइंटमेंट साडेतीन आठवड्यांनी मिळाली, माझ्यासारख्या अवस्थेत हे फार आहे. लिफ्ट नाही, दोन जिने चढायचे डोकं ठणकत असताना. पार्किंगचा आनंदच आहे, स्कूटी बरीच लांब लावावी लागते. पहिल्या भेटीचे १२०० आणि नंतर ७००, माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही म्हणून सगळं खिशातून. आणि जे मला खरंच लागलं ते म्हणजे रिसेप्शनवरून भर वेटिंग रूममध्ये "काउन्सेलिंगवाल्या कोण आहेत?" असं मोठ्याने विचारणं. समोरच्या कॉलेजातल्या मुलीने हात वर केला नाही. नंबर गेला तिचा. मी मॅडमना सांगितलं, आता टोकन नंबर पुकारतात, पण ती मुलगी परत दिसली नाही मला. एक स्टार त्यासाठी कापलाय.

आत्ता माझे महिन्याचे दुखण्याचे दिवस ५-६ वर आलेत. पेनकिलर महिन्यात १८ दिवसांवरून चारेक दिवसांवर. मागच्या भेटीत कागदावर डिप्रेशनचे ६ आले. ॲटॅक येतात अजूनही, मागच्या शनिवारीच होता, पूर्ण दिवस गेला, पण रविवारी मी उठले आणि मुलीला घेऊन तळजाईला गेले.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आधी फोन करा, दुपारी एक ते चार बंद असतं. रिकाम्या स्ट्रिप फेकू नका, सोबत न्या. आणि कागद भरताना शेजारी कुणी बसलं असेल तर सांगा की मला जरा बाजूला बसून भरायचाय, आतली खोली उघडून देतात.