पूर्ण भाषण लिहावे की मुद्द्यांची कार्डे करावीत?

भाषणाचा विषय ठरल्यावर पहिला प्रश्न पडतो तो कागदावर नेमके किती उतरवायचे हा. काही वक्ते संबोधनापासून आभारापर्यंतचे प्रत्येक वाक्य लिहून काढतात, तर काही जण पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर चार-पाच शब्दांचे मुद्दे तेवढे मांडतात. मी दोन्ही पद्धतींनी बोललो आहे आणि अलीकडे बहुधा कार्डेच करतो. तरी लिखित भाषणाची बाजू लंगडी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

लिहायला बसले की आपला कोणता मुद्दा पोकळ आहे ते घरच्या घरीच उघडे पडते, आणि तोलून वापरायचे शब्द ऐनवेळी सुचण्यावर सोडावे लागत नाहीत. शिवाय लिहिलेले उरते. जातपात तोडक मंडळाने १९३६ साली लाहोरच्या अधिवेशनासाठी डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष नेमले, मजकुरावरून मतभेद झाले आणि अधिवेशनच रद्द झाले. तरीही ते न झालेले भाषण आज आपल्याला वाचता येते, कारण ते पूर्ण लिहिलेले होते आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. विन्स्टन चर्चिल १९०४ साली ब्रिटिश संसदेत पाठांतरावर विसंबून बोलताना मध्येच अडकले आणि पुढे सविस्तर लेखी टिपणे जवळ बाळगू लागले. त्या टिपणांत ते ओळी कवितेसारख्या तोडून लिहीत. ज्यांना वाचूनच बोलायचे आहे त्यांनी ही युक्ती जरूर उचलावी, कारण सलग परिच्छेदातून मान वर केली की परत आलेल्या नजरेला ओळ सापडत नाही.

मोबाईलवर मुद्दे लिहून नेण्याचा पर्याय मी फार विचारात घेत नाही. पडदा मधेच काळा होतो, आणि वक्ता आपल्याशी बोलतो आहे की आलेले निरोप वाचतो आहे, अशी शंका श्रोत्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागते.

माझा कौल फिरला तो मात्र एका चिठ्ठीमुळे. आपल्या नागपुरातल्या कार्यक्रमांची रीत ठाऊक असलेल्यांना अधिक सांगायला नको: सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलेले प्रास्ताविक उरकेपर्यंत सभागृह रिकामे करून देण्याची वेळ जवळ येते, आणि ज्याला वीस मिनिटे कबूल केली होती त्या वक्त्याच्या पुढ्यात सूत्रसंचालक ‘कृपया दहा मिनिटांत आटोपावे’ अशी घडी घातलेली चिठ्ठी नम्रपणे सरकवतो. हे एकदोनदा नव्हे, वारंवार घडते. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या माझ्या वेगाने वीस मिनिटांचे लिखित भाषण दोन हजार शब्दांच्या पुढे जाते. त्यातले निम्मे उभ्या उभ्या कापायचे म्हटले तर चौथ्या पानावरचे ‘वर म्हटल्याप्रमाणे’ दुसऱ्या पानाला बांधलेले निघते, आणि पाने उलटताना होणारा कागदांचा आवाज माईक इमानाने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. इतरांना हे कदाचित सहज जमत असेल, मला जमत नाही. कार्डांत मात्र गाळायचे ते आधीच ठरवून ठेवता येते. ज्यांच्यावाचून चालेल त्या कार्डांच्या कोपऱ्यात मी लाल खूण करतो आणि चिठ्ठी आली की ती कार्डे मुकाट्याने मागे सारतो. काय गळले ते श्रोत्यांना कळत नाही, आणि शेवटचे कार्ड कधीच मागे सारायचे नसल्यामुळे भाषण अर्ध्यावर सोडल्यासारखे वाटत नाही.

मे महिन्यातली गोष्ट आणखी वेगळी. पाहुण्यांना उकडू नये म्हणून आयोजक अगत्याने कूलरचे तोंड व्यासपीठाकडे वळवतात, आणि सुट्या कागदांवर बोलणाऱ्याचा एक हात शेवटपर्यंत ते दाबून धरण्यातच गुंततो. कार्डशीटचे जाड तुकडे सहसा उडत नाहीत.

कार्डांचा जाच नाही असे नाही. हातातून निसटली की क्रम विस्कटतो, म्हणून क्रमांक घालून कोपऱ्यात भोक पाडावे आणि दोरा ओवावा. दोरा सैल ठेवला की लाल खुणेची कार्डेही सहज उलटता येतात. महिन्याभराने तीच कार्डे हाती घेतली तर ‘विहीर – काकांचा प्रश्न’ म्हणजे आपल्याला काय सांगायचे होते, हे आपल्यालाच उमगत नाही. उताऱ्यांच्या आणि आकड्यांच्या बाबतीत तर मी मुद्द्यांवर अजिबात भिस्त ठेवत नाही. ते कार्डावर शब्दशः उतरवतो, आणि पहिले व शेवटचे वाक्यही तसेच.

तेव्हा अध्यक्षीय भाषण छापून वाटायचे असेल, किंवा शोकसभेत शब्द चुकून चालणार नसेल, तर पूर्ण लिहावे. व्याख्यानमाला, शाळेचे स्नेहसंमेलन, पुस्तक प्रकाशन अशा ठिकाणी, माझ्यापुरते विचाराल तर, कार्डे उजवी ठरतात. लिहिल्याशिवाय ज्यांना चैनच पडत नाही त्यांनी घरी सगळे लिहावे आणि त्यावरून कार्डे काढावीत. मूळ लिखाण वार्ताहराने मागितल्यास देण्यासाठी पिशवीत असू द्यावे, माईकपाशी मात्र नेऊ नये.