नव्या बातमीदाराची वही : तार डोक्यावर असलेलीच घ्या

फील्डवर नव्याने उतरलेला बातमीदार हल्ली सगळी भिस्त मोबाइलच्या रेकॉर्डरवर ठेवतो. तरीही त्याच्या हातात ही वही हवीच, असं आमचं ठाम मत आहे. साधारण 4 इंच रुंद, 8 इंच लांब, पानं ओवलेली तार डोक्यावर, म्हणजे वरच्या कडेला, आणि पाठीला जाड पुठ्ठा. तळहातात मावते, उभ्याउभ्या लिहिता येतं, तार हाताला टोचत नाही, डावखुऱ्यांचीही अडचण होत नाही. ओळी आखूड असल्याने नजर चटकन समोरच्याकडे परत जाते. नवखा मान खाली घालून लिहीत राहतो आणि समोरचा नेमका कुठे अडखळला, ते त्याला दिसतच नाही.

वहीचा खरा उपयोग कळतो तो संध्याकाळी, डेस्कवरून, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या संपादकांकडून, उलटतपासणी सुरू झाल्यावर. अपघाताच्या जागी आधी 3 जखमी सांगितले जातात, नंतर कोणी 5 म्हणतं. समासात वेळ आणि सांगणाऱ्याचं पद टिपलेलं नसेल, तर शेवटचा आकडा कोणता आणि कोणाचा, हे सांगता येत नाही आणि बोलती बंद होते. म्हणून डावीकडे बोटभर समास सोडायचा : तिथे वेळ, पडताळायच्या गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह, छापण्याजोग्या वाक्यापुढे चांदणी. अवतरणचिन्ह मात्र शब्दन् शब्द तोच असेल तरच. निघण्यापूर्वी पहिल्या पानावर 5 प्रश्न लिहून ठेवावेत. ऐनवेळी जीभ अडली तर पान उलटायचं. ‘थांबा, एवढं लिहून घेतो,’ असं बिनधास्त म्हणावं. त्या क्षणभराच्या शांततेत समोरचा बऱ्याचदा आपणहून आणखी काही सांगतो.

बोलणारा मिनिटाला सहज 100 शब्द ओलांडतो, हात 25-30 च्या पुढे फारसा जात नाही. शिरोरेघ गाळली की वेग वाढतो, पण मग ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत होते. भोरे यांचे मोरे होतात आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची वेळ येते. त्यामुळे नावं तेवढी शिरोरेघेसकट, सुटी अक्षरं काढून लिहावीत. दीपक की दिपक, गीता की गिता, हे ज्याचं त्याला विचारावं. शक्य तर कोरं पान पुढे करून त्यांच्याच हाताने लिहून घ्यावं. कोरंच, कारण आधीच्या पानावर दुसऱ्या कुणीतरी विश्वासाने सांगितलेलं असतं.

उणिवाही आहेत. मागच्या खिशात ठेवून बसलं की तार चेपते आणि पानं अडकतात. कागद पातळ असेल तर शाई पाठीमागे उमटते. अशा वहीत फक्त एकाच बाजूला लिहावं. पावसात जेल पेनची अक्षरं फुटतात आणि ओल्या कागदावर बॉलपेनही घसरतं, म्हणून सोबत एक पेन्सिल हवी. पुठ्ठा मऊ असलेली वही घेऊच नका, गर्दीत ती लिहिताना वाकते. चालू पानाला रबरबँड लावला की ते शोधावं लागत नाही.

आणखी एक अडचण : घाबरलेल्या किंवा दुःखात असलेल्या माणसासमोर वही उघडली की तो गप्प होतो. तिथे ती आधी खिशातच असू द्यावी. आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगून थोडं बोलावं आणि लिहून घेऊ का, असं विचारूनच ती बाहेर काढावी.

मोठी मुलाखत किंवा वादाचा विषय असेल तर परवानगी घेऊन रेकॉर्डरही लावावा. फोन आधी फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटू शकतं. महत्त्वाचं वाक्य आलं की काउंटरवरची वेळ समासात टिपावी, म्हणजे तासाभराचा ऑडिओ पुन्हा ऐकावा लागत नाही. वही भरली की मुखपृष्ठावर पहिली आणि शेवटची तारीख घालून जपून ठेवावी. तक्रार कधी महिन्यांनीही येते.